मालकीण

आमच्या कॉम्प्युटरची मालकीण बायको. मी साधा वापरणारा, आवाज कमी करायचीही मला परवानगी नाही. पासवर्ड कुणालाच न सांगता ती गेली. पण तिने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेली सूचना अजून रोज संध्याकाळी ओरडते, “अहो, उठा आता! बसून बसून खुर्चीला मुळं फुटतील!” परवा शेजारी आले होते, तेही उठून उभे राहिले.

सून दचकते, म्हणून मुलगा ते बंद करायला बसला.

“बाबा, आईने तुम्हाला घरात होते तेवढेच अधिकार इथे दिलेत,” तो म्हणाला. “पण आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा प्रोग्राम, जुना आहे, त्यात एक भोक आहे. त्यातून शिरलं की साधा माणूसही मालक होतो.” त्याने खटाखट बटणं दाबली. “झालं. कॉम्प्युटर बंद करेपर्यंत तुम्ही मालक. आता आईची सूचना काढून टाका, मग ही ड्रायव्हरची दुरुस्ती बसवा. ती बसली की भोक बुजलं. मग तिच्या पासवर्डशिवाय कुणालाच काही बदलता येणार नाही.”

“कुणालाच? तुलासुद्धा?”

“आईशप्पथ.”

तो फोन घ्यायला बाहेर गेला. मी फक्त दुरुस्ती बसवली आणि कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला.



आता तिला गप्प करायचा अधिकार या घरात फक्त तिलाच आहे.