अर्ध्या बाहीचा स्वेटर

कुमुदआजींनी पिशवीतून खाकी स्वेटर काढला. त्याची एक बाही कोपरापाशीच संपत होती.

“एकाहत्तरच्या लढाईत आमची अख्खी पेठ जवानांसाठी विणत होती,” त्या शहराच्या संग्रहालयातल्या मुलीला म्हणाल्या. “पण हा असा मांडू नकोस गं. लोक मला आळशी म्हणतील. दोन दिवस दे, बाही पुरी करून आणते.”

“अर्धी कशी राहिली, आजी?”

“रेडिओवर लढाई थांबल्याची बातमी आली. आम्ही सगळ्याजणी विणकाम टाकून पेढे वाटायला पळालो.”

मुलीने स्वेटर हळूच स्वतःकडे ओढला. “मग मला हाच हवा. लढाई कुठे थांबली, ते इथे दिसतंय.”

आजी त्या बाहीकडे बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या. “ने.”

“आणि सुया?”

“त्या नाही मिळायच्या. पणतीचं टोपडं सुरू आहे.”