झोक्याचा दोर

वावटळीने गाव उडवून नेलं, त्याला तीन दिवस झाले आणि अक्षय्य तृतीयेची आखाजी उजाडली. सणाला बैलांच्या दमणीतून माहेरी आलेली भागाबाईची लेक वावटळ आली तेव्हा पारापलीकडच्या निंबावर झोका घेत होती. आता तिथे निंब नव्हता, झोका नव्हता, लेकही नव्हती. गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला नवी घागर भरतात, म्हणून पुना कुंभाराने फुटक्या ढिगातून एक धड घागर शोधून भागाबाईच्या पुढ्यात ठेवली. “पुनाभाऊ, उचल ती! मनी पोर जिती शे!” भागाबाई किंचाळली. “तिना बाप तिले लई येई!” लेकीला शोधून आणायला तिचा नवरा पहाटेच नदीकडे गेला होता. पुनाने घागर तिथेच राहू दिली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा नवरा नदीकडून परतला, एकटाच. खांद्यावर झोक्याचा दोर होता. भागाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दोराचं टोक त्याने घागरीच्या गळ्याला बांधलं आणि ती भरायला विहिरीकडे निघाला.