कोटाचा निळा

“छी,” हिरालाल पेंटर म्हणाला.

हा दुसरा मॉनिटर. पहिल्यालाही त्यानं हेच म्हटलं होतं. दुकानदार गुलाबचंदनं माऊस बाजूला सरकवला आणि तोंड फिरवून पंख्याकडं पाहिलं. अल्काला बापाच्या शेजारी उभं राहायचीही लाज वाटायला लागली.

गोंदियातलं हे दुकान पहिल्या माळ्यावर होतं. जिन्याच्या कोपऱ्यात खर्र्याच्या पिचकाऱ्या. वर आलं की एसीचा कोंदट वास, आणि आता त्यात बापाच्या पिशवीतला तारपीनचा वास. “पिशवी घरी ठेवा,” असं अल्कानं गोरेगावहून निघतानाच सांगितलं होतं. ऐकेल तो हिरालाल कसला. रंगाचे डाग पडलेली ती पिशवी त्यानं पोटाशी धरली होती. गुलाबचंद त्या पिशवीकडं मेलेला उंदीर पाहावा तसा पाहत होता.

सोमवारी अल्काचा डिझाइनचा कोर्स सुरू होणार होता. घरी कॉम्प्युटर नसेल तर येऊ नका, असं तिथल्या मॅडमनं तोंडावर सांगितलं होतं. बारावी झाल्यापासून ती मोबाइलवरच बोटं घासत होती. आज जमलं नाही तर बाप दुसऱ्यांदा गोंदियाला यायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

बाकी सगळं ठरलं होतं. प्रोसेसर, रॅम, सगळं तिनं यादीप्रमाणं घेतलं. सात रंगांचे दिवे लागणारा सीपीयूचा काचेचा डबा गुलाबचंदनं आधी दाखवला, तो तिनंच नको म्हटला. वरातीत बसून अभ्यास कोण करणार? गाडी अडली ती पडद्यावर.

रंग बघायला तिनं मोबाइलमधला फोटो दिला होता. मागच्या एप्रिलमधला, जयंतीचा, गोरेगावच्या चौकात लावलेल्या बॅनरचा. मोबाइलवरच केलेलं तिचं पहिलं काम. बाबासाहेबांचा निळा कोट पाहायला माणसं सायकली थांबवून उभी राहिली होती. विहाराच्या पार्वताबाई म्हणाल्या होत्या, “कोट तं असा वाटते, का आत्ताच इस्त्री करून घातला.” त्या एका कोटाच्या जोरावर अल्कानं हा कोर्स ठरवला होता.

कौतुक केलं नाही ते फक्त बापानं. प्रेसमधून फ्लेक्स आणला त्यानं, एकट्यानंच पहाटे चौकात बांधला त्यानं, पण चांगला झाला असा एक शब्द नाही. उलट फोटो दाखवला की नाक मुरडायचा. तीस वर्षं त्यानं दुकानांचे बोर्ड रंगवले, ट्रकांवर नावं काढली. फ्लेक्स आले आणि त्याच्याकडं विहाराला दान आलेल्या पंख्यांवर दात्यांची नावं लिहायचं काम तेवढं उरलं. त्याचं दुखणं अल्काला कळत होतं. पण म्हणून पोरीच्या कामावर थुंकायचं?

“भाईसाब, कलर तो देखो, कितना चमक रहा है,” गुलाबचंद म्हणाला.

“चमकते. पन रंग कुठं हाय? हा तं बल्ब हाय.” हिरालालनं पुन्हा तोंड वाकडं केलं. “छी.”

अल्काचा तोल गेला.

“बाबा, कॉम्प्युटरनं तुमचा धंदा खाल्ला, म्हनून तुमाले कोनताच पटून नाही राहिला. सरळ सांगा नं तसं.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. आपल्याच बापाची किळस यावी याची तिला लाज वाटली, पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

हिरालालनं कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका मॉनिटरकडं बोट केलं. “तो लाव.”

“वो तो डल है, चाचा. कोई नहीं लेता.” गुलाबचंदनं कपाळाला आठ्या घालून तो लावला. फोटो आला. चमक नाही, झगमग नाही. हिरालाल पुढं झाला. पिशवीत हात घालून त्यानं रंगाच्या डब्याचं एक झाकण काढलं. त्यावर निळा रंग वाळून चिकटला होता. ते झाकण त्यानं पडद्यावरच्या कोटाला टेकवलं.

“अरे, हाथ मत लगाओ,” गुलाबचंद ओरडला.

“हा घे,” हिरालाल पोरीला म्हणाला.

बापाचा हात ओढून काढायला अल्का चरफडत पुढं आली. पण हात ओढायचा राहून गेला. झाकणावरचा निळा आणि कोटाचा निळा यांत काडीचा फरक नव्हता. कुठं झाकण संपतं आणि कुठं कोट सुरू होतो, ते कळत नव्हतं. ती वाकून पाहायला लागली. मोबाइलवर कधी दिसलं नव्हतं, त्या दोन झगमगीत पडद्यांवरही दिसलं नव्हतं, ते इथं दिसत होतं. कॉलरपाशी ब्रशच्या केसांच्या बारीक रेघा होत्या. दुसऱ्या बटनाखाली रंगाचा एक ओघळ आला होता, आणि कुणीतरी तो अंगठ्यानं पुसला होता.

प्रेसच्या मशिनीला अंगठा नसतो, एवढं अल्कालाही कळत होतं.

“बाबा, हे...”

हिरालालनं झाकण सदऱ्याला पुसलं आणि परत पिशवीत ठेवलं.

“छपून आला तवा कोट जांभळा होता,” तो म्हणाला. “दरसाल मी कुठवर पुरीन?”