शांताबाईंच्या शंका

“आई, येस की नो?” लॅपटॉपवरची नजर न काढता अबोलीनं विचारलं. “आज पाचच्या आत नावं कळवायचीत. बाबा येतायत, मी येतेय. तुझं काय?”

सुलेखाचं लाटणं पोळीवरच थांबलं.

आधी सात दिवस किलिमांजारो. मग चार दिवस सफारी. एकाच सहलीत पायाखाली बर्फ आणि समोर सिंह! नुसत्या विचारानंही ती लहान मुलीसारखी हरखून जायची. चार महिने ती पाठीवर तांदळाची पिशवी बांधून ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातले सगळे चढ चढत होती. ओठांत नाम, पायांत लय. परवा रांगितोतो बेटाच्या डोंगरमाथ्यावर ती लेकीच्या आधी पोचली. खाली निळं पाणी, पलीकडे सगळं ऑकलंड. लहानपणी साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर पळत जाऊन असंच वाऱ्यात उभं राहायची, ते तिला आठवलं. लग्नानंतर स्वतःसाठी म्हणून तिनं देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मागितलं.

पण आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घालण्याचा तिचा नेम होता. डोंगरावर आंघोळ कुठली? त्यावर तिनं तोड काढली होती. वर तंबूत मानसपूजा करायची. देव समजून घेतो.

प्रश्न घरातल्या देवांचा होता. आणि सासूबाईंचा. शांताबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांना एकटं ठेवून जाणार कसं? न्यू लिन उपनगरातल्या ओळखीच्या स्वानंदीनं “काकू, आजींना आमच्याकडे पाठवा, देवही येऊ देत,” असं आपणहून सांगितलं, तर शांताबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, “पंधरा दिवस मी लोकांच्या घरी राहायची नाही.”

आताही त्या काचेच्या दारापाशी उन्हात बसून मेथी निवडत होत्या. कान इकडेच होते.

“वर आंघोळीचं काय?” त्यांनी विचारलं.

“वर नसते, आजी. वेट वाइप्स.”

शांताबाईंचा चेहरा कडू झाला. “आणि खाली?”

“खाली मोशीत हॉटेल आहे. हॉट शॉवर, एव्हरीथिंग.”

“मोशी? आळंदीच्या अलीकडची?”

सुलेखाचा नवरा चारुदत्त मोठ्यानं हसला. नवे बूट पायात बसावेत म्हणून तो सकाळपासून ते घालूनच घरभर फेऱ्या मारत होता. “अगं आई, ही टांझानियातली मोशी. डोंगराच्या पायथ्याशी.”

“मग तसं सांगावं माणसानं. आणि सिंह काय पायी बघतात?”

“नो वे! जीपमधून. वरचं छत उघडतं.”

“जीपची पायरी उंच असेल.”

“आई, तुला काय करायचंय पायरीचं?” चारुदत्त म्हणाला.

“विचारू नये का? तू आपले बूट वाजव.”

सुलेखानं पोळी तव्यावर टाकली. हा सूर तिच्या ओळखीचा होता. तिनं ट्रेकसाठी विजार आणली तेव्हाही सासूबाई अशाच, “यावर कुंकू शोभतं का गं?” म्हणाल्या होत्या. नको असं त्या कधी म्हणत नसत. एकेक शंका काढत. मग समोरच्यानंच काय ते समजून घ्यायचं.

“हत्ती अंगावर येत नाहीत?” शांताबाईंची पुढची शंका आली.

“नाही, आजी. एकदम सेफ.”

“जेवणात काही शाकाहारी मिळतं, की नुसती केळी?”

सुलेखानं गॅस बंद केला. पदर नव्हता, तरी हात कमरेशी पुसले गेले.

“अबोली, माझं नाव नको घालूस,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही दोघं जा. नीट जा, खूप फोटो काढा. मी आईंजवळ थांबते. देवांचंही व्हायला हवं.”

चारुदत्तच्या बुटांचा आवाज थांबला. अबोलीनं लॅपटॉपवरून मान वर केली.

“माझ्यासाठी थांबतेस?” शांताबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “मी सांगितलं का तुला थांबायला?”

“नाही, पण आई…”

“देव पितळेच्या डब्यात मावतात. मुंबईहून इथे आले ते तसेच आले ना? पुन्हा निघतील. तू जा वर. मी त्यांना घेऊन खाली त्या मोशीत राहते. गरम पाणी आहे म्हणते ही. रोज आंघोळ करीन, पूजा करीन, तुझ्या नावानं फूल वाहीन. तू उतरलीस की मग सगळी मिळून जनावरं बघू.”

सुलेखा सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. अबोलीनं खुर्चीतून उडी मारून आजीला मिठीच मारली. “आजी! स्वीट ॲज! भारीच!”

“आई, तू महिनाभर एका शब्दानं बोलली नाहीस!” चारुदत्त म्हणाला.

“महिनाभर तुमचं एकच चाललंय,” शांताबाई म्हणाल्या. “आईचं काय करायचं, आईला कुठे ठेवायचं. आईला हत्ती बघायचाय का, हे एकानं तरी विचारलंत?”