कुठे लिहिलंय?

"अरे, कोडमधलं हे सवलतीचं फंक्शन कुठे लिहिलंय रे?" स्क्रीनवरची नजर न हलवता तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली. शेजारच्या टेबलापाशी आता नवी मुलगी बसत होती. नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी मेली सवय जात नव्हती. दोघांची सगळी नोकरी एकाच ऑफिसात, शेजारीशेजारी झालेली. तिने विचारायचं, त्याने "डोकं आहे की खोकं!" म्हणत आपली करकरणारी खुर्ची सरकवत यायचं आणि तिच्या खांद्यावरून वाकून नेमकी फाइल उघडून द्यायची. सगळं ऑफिस हसायचं.

मुलगी उठून आली. "ताई, त्या नावावर कर्सर ठेवा आणि एफ ट्वेल्व्ह दाबा. एडिटर थेट तिथेच नेऊन सोडतो."

"माहितीये गं."

"मग सरांना रोज विचारायचात, म्हणतात सगळे?"

तिने बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फंक्शन समोर आलं. खुर्ची कुठेच करकरली नाही.

"हे बटण दाबायला त्याला मीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "लग्नाआधी."