तिसरा हिस्सा

"असलं अभद्र आपल्या मंचावर चालायचं नाय," म्हणत धाकूने मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. त्यावरच्या गाण्यात समोर उभ्या हेमांगीचाच आवाज अजून गुरगुरत होता.

धाकू मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. कोळीवाड्याच्या महोत्सवात आज संध्याकाळी हेमांगीचा मेटल बँड वाजणार होता. मरोळच्या भाड्याच्या गाळ्यात वर्षभर घसा फोडून पोरीने तयारी केली होती, ती आपल्या माणसांसमोर एकदा गायला मिळावं म्हणून. बाहेर मंचामागे प्रायोजकाचा फलक चढत होता. खाडीत भराव घालून टॉवर उठवणाऱ्या बिल्डरचा फलक चालत होता, अभद्र होतं ते गाणं.

पोरीला समज द्यायला धाकूने तिच्या आईला, मथुराला, बंदरावर मासळी निवडताना उठवून आणलं. ती पाटीसकट आली, आणि भडकूनच आली. कोळ्याच्या पोरीने काळे कपडे घालून रेड्यासारखं रेकावं, हे तिला कधी पटलंच नव्हतं.

"आयेला अर्थ सांग गो," धाकू म्हणाला.

हेमांगीने सांगितला. बायबलात जगाचा अंत आहे, त्यातून घेतलंय. देव कोपतो. जळता डोंगर समुद्रात पडतो. समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याचं रक्त होतं. तिसरा हिस्सा मासळी मरते, तिसरा हिस्सा गलबतं फुटतात.

"ज्या दर्याला नारळ देतो, त्याचं मरण गातेस? जीभ झडेल तुझी," मथुरा कडाडली.

या वाड्यात जाळं रिकामं आलं तरी रिकामं म्हणत नाहीत. दर्या निजलाय, म्हणतात. नवऱ्याने होडी विकली त्या दिवशीही मथुरा तेवढंच म्हणाली होती.

"बघ, आयच सांगते," म्हणत धाकूने कार्यक्रमपत्रिकेवरचं बँडचं नाव खोडायला पेन उचललं. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मथुरा मात्र कुठेतरी अडकली होती.

"तिसराच हिस्सा?" तिने विचारलं. "एवढा कोपला, तरी?"

"हो. बाकीचे दोन ठेवले."

मथुराने पाटी धाकूच्या टेबलावर उलटी केली. मूठभर मांदेली पडली, आणि चिखलाने माखलेला प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा. पत्रिका भिजली.

"याला काय निजलाय म्हणू, धाकूभाऊ? रिकामा झालाय दर्या."

धाकूने पेन खाली ठेवलं. मथुरा लेकीकडे वळली.

"कोपलेल्या देवाने दोन हिस्से ठेवले. आपले कोणी खाल्ले, ते विचार त्या फलकाखाली उभी राहून. आणि असंच रेकून विचार."