ॲन्सेल्मचं पुढलं दार

ॲन्सेल्म वाडीच्या वाटेवर उभा राहून आपल्याच घराकडे परक्यासारखा बघत होता. डोळे अर्धे मिटले की घर थेट मनातल्यासारखं दिसे. भिंतींना शिंपल्यांचा चुना, त्यात किंचित नीळ. ओट्याला लाल काव. दाराच्या जुन्या सागवानाला त्यानं स्वतः खोबरेल चोळलं होतं. केळीच्या पानांतून आलेलं ऊन त्या दारावर असं रेंगाळत होतं, जणू त्यालाही आत बोलावलंय. हे घर आपलं, यावर त्याचा विश्वासच बसेना.

बायको बेला ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. नवऱ्याला स्वप्नातून ओढून आणायचं काम लग्नापासून तिच्याकडेच होतं. बघून झालं असेल तर तोंड धुऊन घ्या, म्हणाली, पाहुणी तुमच्या चुन्यानं माखलेल्या मिशा बघून पळायची.

थट्टा खरी, पण धास्ती तिलाही होतीच. मागच्या वर्षी त्यांच्या रेजिनाला बघायला आलेली मंडळी पोपडे सुटलेली भिंत बघून ओट्यावरच थबकली होती. चहाही अर्धा टाकून गेली. मग निरोप आला, दारच असं तर घर कसं असेल? रेजिनाला तेव्हा फारसं लागलं नाही. या वेळी मात्र पोरीचा जीव गुंतला होता. वाघोलीचा बेनेडिक्ट देवळात व्हायोलीन वाजवायचा. सणाच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या मोठ्या प्रार्थनेला, ते ऐकल्यापासून ही कालवणात मीठ दोनदा घालत होती. त्या बेनेडिक्टची आई इझाबेल आज यायची होती. ती नको म्हणाली तर पोर आतून मोडेल, हे आईबापांना ठाऊक होतं.

म्हणून तर पुढचा सगळा पसारा त्यांनी मागच्या दारी ढकलला होता. फुटके हंडे, सुंभाची भेंडोळी, केळीच्या वाळक्या पाती, कोंबड्यांचं खुराडं, सगळं तिकडे. रेजिनालाही बेलानं तिकडेच पिटाळलं होतं. आधी बोंबील साफ कर, मग नटून बस, असा हुकूम होता.

दोघं ओट्यावर बसली. ॲन्सेल्मला दिसत होतं, इझाबेल वाटेवरून येतेय, मोगऱ्याच्या वेलाशी थांबतेय, दार बघून हसतेय. कितीदा तरी ती आली आणि कितीदा तरी हसली. खरी इझाबेल मात्र येईना. आगाशीच्या बाजारातून परतणारी एक बैलगाडी न थांबता पुढे गेली. दारावरचं ऊन सरकत सरकत ओट्याखाली उतरलं. देवळाची सांजेची घंटा झाली तशी बेला उठली.

"नाही येत ती," बेला म्हणाली. ती आत वळली.

पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं, याच विचारात ॲन्सेल्म बेलाच्या मागोमाग घरातून मागच्या पडवीत गेला, आणि दोघं दारातच खिळली.

फुटक्या हंड्यांच्या मधोमध, उपड्या घमेल्यावर, एक बाई बसली होती. चपला खुराड्यापाशी काढलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात बोंबील. समोर केस सुटलेली, हात माखलेले, मान खाली घातलेली रेजिना. दोघींनी मिळून टोपली जवळजवळ संपवली होती. इझाबेल ऊन दारावर होतं तेव्हाच, ही दोघं तयारीला आत गेलेली असताना, आली होती, विहिरीकडच्या मागल्या वाटेनं.

बेलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा चुना, एवढी काव, आणि बाईनं नेमका उकिरडा बघितला. ती चाचरत म्हणू लागली, अहो, पुढून यायचं, तुमच्यासाठी तिकडे सगळं नीट केलं होतं, इथे कसला हा पसारा.

"वाटेवरनं बघितलं ना. लई देखनं केलंय," इझाबेल म्हणाली. तिनं सावकाश हात धुतले आणि ओल्या हातानंच रेजिनाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"पण पुढल्या दारानं पाव्हणे येतात, बाय. मी माझ्या सुनेकडं आलेय."